गवताळ परिसंस्था की पडीक जमीन? : पर्यावरण अभ्यासक्रमाच्या परिभाषेची चिकित्सा

प्रस्तावना

पर्यावरण हा विषय महाविद्यालयीन शिक्षणात अनिवार्य झाला तो न्यायालयाच्या आदेशामुळे. एम. सी. मेहता विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी शिक्षणाच्या सर्व स्तरांवर पर्यावरण शिकविले जावे, असा निर्देश दिला. अंमलबजावणी रेंगाळल्यामुळे २००३ मध्ये न्यायालयाला या प्रश्नाकडे पुन्हा लक्ष द्यावे लागले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने कला, वाणिज्य, विज्ञान अशा सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा गाभा अभ्यासक्रम आखून दिला. आठ घटक आणि पन्नास तासिका अशी त्याची रचना होती. पुढे आयोगाने सुधारित आराखडे दिले. २०२३ मधील मार्गदर्शक आराखडा हा त्यांपैकीच एक होय. तथापि ज्या चौकटीत प्राध्यापकांच्या एका पिढीने हा विषय शिकविला आणि ज्या चौकटीत बाजारातील बहुसंख्य क्रमिक पुस्तके लिहिली गेली, ती चौकट प्रामुख्याने या पहिल्या अभ्यासक्रमाची आहे. म्हणूनच तिची चिकित्सा आजही अप्रस्तुत ठरत नाही.

या अभ्यासक्रमावर सामान्यतः घेतला जाणारा आक्षेप असा की, तो वरवरचा आहे व केवळ उत्तीर्ण होण्यापुरता शिकविला जातो. हा आक्षेप अध्यापनाविषयीचा आहे. प्रस्तुत लेखात त्याहून वेगळा, अभ्यासक्रमाच्या अंतर्गत रचनेविषयीचा प्रश्न विचारात घेतला आहे. परिसंस्था कशी चालते आणि मानवी कृतीने तिची हानी कशी होते, हे दोन विषय या अभ्यासक्रमात परस्परांपासून तोडून मांडले गेले. या विभाजनामुळे एकाच भूभागाला अभ्यासक्रमातच परस्परविरोधी नावे मिळाली. महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतील माळरान हे या विसंगतीचे ठळक उदाहरण असून तेच येथे चिकित्सेसाठी निवडले आहे.

एकच माळ, तीन नावे

अभ्यासक्रमाचा तिसरा घटक परिसंस्थांविषयीचा आहे. उत्पादक, भक्षक व विघटक, ऊर्जेचा प्रवाह, अन्नसाखळी व अन्नजाळे, परिस्थितिकीय मनोरे या संकल्पनांनंतर तेथे वन, गवताळ प्रदेश, वाळवंट आणि जलीय अशा चार प्रकारच्या परिसंस्थांची रचना व कार्य शिकवायचे असते. येथे गवताळ प्रदेश हा वनाच्या बरोबरीने येतो. तो वनाचा अवशेष नाही, वन होण्याची वाट पाहणारी जमीनही नाही. तृणभक्षी प्राणी हा तेथील अन्नसाखळीचा आवश्यक दुवा आहे.

नैसर्गिक संसाधने हा दुसरा घटक. त्यात शेती व अतिचराईमुळे होणारे बदल आणि जमिनीचा ऱ्हास हे मुद्दे आहेत. तिसऱ्या घटकात जो दुवा होता तो तृणभक्षी येथे जवळजवळ आरोपी म्हणून उभा राहतो. चराई कोणत्या मर्यादेपर्यंत गवताला पोषक ठरते आणि कोणत्या मर्यादेपलीकडे घातक, हा प्रश्न दोन घटकांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडून राहतो.

सहावा घटक सामाजिक प्रश्न आणि पर्यावरण हा आहे. त्यात पडीक जमिनींचे पुनरुद्धरण हा विषय उपाय म्हणून समाविष्ट आहे. पडीक कशास म्हणावे याचा निकष मात्र तेथे दिलेला नाही. क्रमिक पुस्तकांतून आणि उत्तरपत्रिकांतून या विषयाचे जे रूप दिसते, ते बहुधा वृक्षलागवड, बांधबंदिस्ती, सलग समतल चर अशा उपायांची यादी असे असते.

सोलापूर, अहिल्यानगर, बीड, पुणे किंवा सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील एखादा माळ डोळ्यांसमोर आणला तर या तिन्ही घटकांचा अर्थ एकाच जमिनीला लावावा लागतो. तिसऱ्या घटकानुसार ती कार्यरत परिसंस्था आहे, दुसऱ्यानुसार ती ऱ्हास पावलेली चराऊ जमीन आहे आणि सहाव्यानुसार ती दुरुस्त करावयाची पडीक जमीन आहे. विद्यार्थी तिन्ही उत्तरे पाठ करतो आणि तिन्हींना गुण मिळतात. ती परस्परांना छेदतात हे त्याच्या लक्षात आणून देण्याची सोय अभ्यासक्रमात नाही.

आयोगासाठी एराक भरुचा यांनी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात दख्खनच्या निमशुष्क गवताळ पट्ट्यांचा, तेथील लांडगा, काळवीट, चिंकारा व माळढोक यांचा उल्लेख आवर्जून आला आहे, ही गोष्ट नमूद करणे न्याय्य ठरेल. त्यामुळे दोष माहितीच्या अभावाचा नाही. माहिती एका प्रकरणात व कृतीचा आदेश दुसऱ्या प्रकरणात, अशी जी मांडणी झाली, तिचा हा दोष आहे.

माळरान कसे चालते

माळरानाची हानी समजण्यासाठी आधी त्याचे कार्य समजून घ्यावे लागते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वर्षाला साधारणतः ५०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. तोही अनियमित असतो आणि उरलेले सात-आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. बेसाल्ट खडकावरील मातीचा थर अनेक ठिकाणी वीतभरही नसतो. अशा परिस्थितीत कुसळी, मारवेल, डोंगरी यांसारखी बहुवर्षायू गवते टिकून राहतात. वाढीचे कोंब जमिनीलगत ठेवणे, हे त्यांच्या टिकावाचे रहस्य आहे. झाडाचा शेंडा खुडला गेला तर वाढ खुंटते. गवताचे पाते खाल्ले गेले किंवा वणव्यात जळले तरी खालच्या कोंबातून नवे फुटवे येतात. त्यामुळे मर्यादित चराई आणि अधूनमधून लागणारी आग यांच्याशी ही परिसंस्था जुळवून घेते.

गवताचे बहुतांश धन जमिनीखाली असते. दरवर्षी मुळांचा काही भाग मरतो, कुजतो आणि मातीत सेंद्रिय कर्ब साठतो. उन्हाळ्यात जो माळ उघडाबोडका दिसतो, त्याच्या मुळांचे जाळे माती धरून ठेवत असते आणि पहिल्या पावसाचे पाणी मुरवीत असते. कुसळीच्या बीजाला असलेले लांब कुसळ ओलाव्याने पिळा सोडते, सुकल्यावर पुन्हा पिळते आणि या हालचालीतून बीज मातीत शिरते. बाहेरून निर्जीव वाटणाऱ्या जमिनीत पुढच्या हंगामाची पेरणी अशी झालेली असते.

पावसाळ्यात वाढलेल्या गवतावर नाकतोडे व टोळ पोसले जातात. त्यांच्यावर माळढोक, चंडोल, धाविक आणि हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या पक्षी जगतात. काळवीट गवत खातो, लांडगा काळविटावर आणि मोठ्या प्रमाणात शेळ्यामेंढ्यांवर जगतो. शेणकिडे शेण व लेंड्या जमिनीत पुरतात. वाळवी वाळलेले गवत मातीत परत आणते. विघटकांचे हे काम झाले नाही तर गवताला पुढच्या वर्षीचे अन्न मिळणार नाही.

या साखळीत मनुष्य पूर्वीपासून आहे. धनगरांचे वाडे पावसाळ्यात माळावर आणि पावसाळ्यानंतर कोकणाकडे अशी फिरस्ती करीत आले आहेत. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसविल्या जातात व त्या बदल्यात धान्य किंवा पैसा मिळतो. गवताचे खत होऊन ते शेतात जाते. फिरतीमुळे एका ठिकाणच्या गवताला विश्रांती मिळते. तिसऱ्या घटकातील मनोऱ्यात मेंढपाळ कोठे दाखवावा, असा प्रश्न वर्गात विचारला तर परिसंस्था म्हणजे मनुष्यविरहित निसर्ग, ही समजूत तेथेच तपासली जाऊ शकते.

हानीची घडण

माळरानाच्या हानीची कारणे यादीच्या स्वरूपात सांगणे सोपे आहे : नांगरट, सिंचित पिकांचा विस्तार, रस्ते, खाणी, वीजवाहिन्या, औद्योगिक वसाहती. परंतु यादीतून हानीची प्रक्रिया उलगडत नाही. कार्य आणि हानी एकत्र ठेवली की प्रत्येक कारण साखळीचा नेमका कोणता दुवा तोडते, हे दिसू लागते.

नांगरटीने जमिनीखालचे मुळांचे जाळे तुटते. हे जाळे एका हंगामात तयार होत नाही. म्हणून नांगरलेला माळ पुन्हा सोडून दिला तरी प्रथम हंगामी तण येते, बहुवर्षायू गवत फार उशिरा परतते किंवा परततच नाही. माळढोक जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. त्यामुळे वस्तीस्थान तुटल्यावर झालेली घट भरून काढणे त्याला शक्य होत नाही. समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी वीजवाहिन्यांवर आदळून मरतो. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या परिसरासह १९७९ मध्ये घोषित झालेले माळढोक अभयारण्य सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते. त्यात गावे, शेते, रस्ते असे सर्व काही होते. २०१२ मध्ये ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. संपूर्ण देशात आज हा पक्षी दीडशेहून कमी उरला असून त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत.

परंतु या लेखाच्या दृष्टीने अधिक विचारणीय आहे ती सद्हेतूने केली जाणारी हानी. माळावर दाट वृक्षलागवड केली की सावलीत ही गवते खुरटतात, कारण ती प्रखर उन्हात वाढणारी आहेत. खड्डे आणि चर यांसाठी यंत्राने माती उकरली की मुळांचे जाळे नांगरटीसारखेच तुटते. कमी पावसाच्या प्रदेशात दाट झाडी गवतापेक्षा अधिक पाणी बाष्परूपाने बाहेर टाकते. मोकळ्या दृष्टिपथावर अवलंबून असणारे काळवीट व माळढोक अशी जागा सोडतात. अवर्षणप्रवण भागांत लावल्या गेलेल्या ग्लिरिसिडिया व सुबाभूळ यांसारख्या परदेशी जातींनी हिरवळ दिली, परिसंस्था दिली नाही.

कच्छमधील बन्नीचे गवताळ मैदान या बाबतीत बोलके आहे. रणातील क्षारांचा प्रसार रोखण्यासाठी तेथे १९६० च्या दशकाच्या आरंभी वेडी बाभूळ लावण्यात आली. ती लावलेल्या क्षेत्राबाहेर पसरली, गवताची जागा तिने घेतली आणि गवतावर जगणाऱ्या मालधारींच्या पशुपालनावर त्याचा परिणाम झाला. उपाय म्हणून आणलेली वनस्पती पुढे समस्या म्हणून उपटावी लागली. लागवड करणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. गवताळ मैदान ही एक पूर्ण व्यवस्था आहे, हे गृहीतच धरले गेले नव्हते.

महाराष्ट्रात १ जुलै २०१६ रोजी दोन कोटी वृक्षलागवडीच्या उद्दिष्टाने सुरू झालेली मोहीम पुढील वर्षांत चार, तेरा आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटींच्या उद्दिष्टापर्यंत गेली. अशा मोहिमांना जागा लागते. गावात मोकळी दिसणारी जागा बहुधा गायरान, माळ किंवा टेकडीची उतरण असते. खड्डे खणण्यास राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक जातात. सकाळी तिसऱ्या घटकातील गवताळ परिसंस्था शिकलेला विद्यार्थी दुपारी तीच परिसंस्था खणतो. यात त्याचा दोष नाही. सहाव्या घटकाने त्याला हेच शिकविले आहे.

‘पडीक’ या शब्दाची वाटचाल

हा सहावा घटक शून्यातून आलेला नाही. ब्रिटिश महसूल व्यवस्थेने जमिनीचे मोल तिच्या सारा देण्याच्या क्षमतेवरून ठरविले. जी जमीन सारा देत नाही ती वाया गेलेली, असा हिशेब त्यामागे होता. सातबाराच्या उताऱ्यावर लागवडीस अयोग्य क्षेत्रासाठी आजही ‘पोटखराबा’ हा शब्द वापरला जातो. हा महसुली शब्द आहे; जमीन पिकाखाली येत नाही एवढेच तो सांगतो. ती निर्जीव आहे असे तो सांगत नाही. परंतु महसुलाची भाषा पर्यावरणाच्या भाषेत येताना हा भेद गळून पडला.

राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ १९८५ मध्ये स्थापन झाले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहाने देशाच्या सुमारे २० टक्के भूभागाची नोंद पडीक म्हणून केली. २०१९ च्या आवृत्तीत हे प्रमाण सुमारे १७ टक्के आहे. झुडपी जमीन व ऱ्हास पावलेली चराऊ जमीन हे त्यातील वर्ग आहेत. उपग्रहाच्या प्रतिमेवरून केलेल्या वर्गीकरणात विरळ झाडांचा अस्सल माळ आणि तोडीमुळे उजाड झालेले वन यांत फरक करणे अवघड असते. देशातील वनक्षेत्राची मोजणीही दहा टक्क्यांहून अधिक वृक्षाच्छादन या निकषावर होते. अशा मोजपट्टीवर उत्तम माळाची किंमत शून्य येते आणि त्यावर परदेशी झाडांची लागवड झाली की ती वाढते.

मराठी भाषेत मात्र या भूप्रदेशाचे भेद जाणणारी शब्दसंपदा होती. माळ, कुरण, गायरान, बरड हे शब्द समानार्थी नाहीत. कुरण राखले जाते, गायरान सामायिक असते, बरड जमीन पिकास हलकी असते. वन आणि क्षेत्र या जोडीचा, तसेच धनगरांच्या दैवतांचा गुंथर सोन्थायमर यांनी केलेला अभ्यास पाहिला तर मेंढपाळांची भूमी ही स्वतंत्र सांस्कृतिक भूमी असल्याचे लक्षात येते. या संदर्भात आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचा २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास विशेष महत्त्वाचा आहे. पश्चिम महाराष्ट्रातील जुन्या मराठी वाङ्मयात व मौखिक परंपरेत आलेले वनस्पतींचे उल्लेख तपासून त्यांनी असे दाखविले की, विरळ झाडांचे हे गवताळ प्रदेश किमान साडेसातशे वर्षे जुने आहेत. म्हणजे ते अलीकडच्या जंगलतोडीतून निर्माण झालेले नाहीत. येथे साहित्याच्या अभ्यासकाचे साधन परिस्थितिविज्ञानाच्या उपयोगी पडले आहे. अभ्यासक्रमाच्या पहिल्या घटकात पर्यावरण अभ्यासाचे बहुविद्याशाखीय स्वरूप सांगितलेले असते. त्याचा प्रत्यक्ष अर्थ काय, हे अशा संशोधनातून स्पष्ट होते.

एक संभाव्य आक्षेप

येथे असा आक्षेप घेता येईल की, सर्वच माळ सुस्थितीत नाहीत. अनेक गायरानांवर बहुवर्षायू गवत उरलेले नाही, माती वाहून गेली आहे आणि चराई मर्यादेबाहेर गेली आहे. हा आक्षेप खरा आहे. त्यामुळे प्रत्येक उघडी जमीन ही प्राचीन परिसंस्था आहे, असा उलट अतिरेक करणे चुकीचे ठरेल.

तथापि ही अवस्था कशी आली, हेही पाहिले पाहिजे. माळ पडीक ठरला की तो अन्य उपयोगासाठी देणे सोपे जाते. एक भाग लागवडीखाली, एक वसाहतीखाली, एक वनीकरणाच्या कुंपणात गेला की कळप उरलेल्या भागावर कोंडले जातात. फिरस्ती थांबते, गवताला विश्रांती मिळत नाही आणि तो भाग खरोखरच उजाड होतो. मग तो पडीक असल्याचा पुरावा मिळतो. अशा रीतीने ‘पडीक’ हे वर्णन ज्या स्थितीचे केले गेले, ती स्थिती काही प्रमाणात त्या वर्णनातूनच उत्पन्न होते. अतिचराई हे कारण म्हणून शिकविताना तिच्यामागील हे कारण गाळले तर दोषाचे माप धनगराच्या पदरात पडते आणि जमीन वळविण्याचे निर्णय चर्चेबाहेर राहतात.

शिवाय ऱ्हास पावलेल्या माळाचे पुनरुज्जीवन करावयाचे झाल्यास ते गवताचे करावे लागेल. स्थानिक गवतांचे बी, काही काळ चराईबंदी, त्यानंतर आळीपाळीने चराई आणि पसरलेल्या परदेशी झुडपांचे निर्मूलन असे त्याचे स्वरूप असेल. वृक्षलागवड हे त्याचे सर्वसाधारण उत्तर होऊ शकत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, अभ्यासक्रमाची मुख्य उणीव आशयाच्या तुटपुंजेपणात नाही. परिसंस्थेचे कार्य आणि तिची हानी यांची जी फारकत त्याने केली, तीत ही उणीव आहे. ही फारकत झाली की हानी म्हणजे धूर, सांडपाणी, प्लास्टिक अशा दृश्य गोष्टी उरतात आणि हिरव्या रंगाने होणारी हानी ओळखता येत नाही. जी व्यवस्था चालू आहे हेच ठाऊक नाही, ती बंद पडल्याचेही कळत नाही.

ही उणीव दूर करण्यासाठी नव्या अभ्यासक्रमाची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिल्या अभ्यासक्रमाच्या आठव्या घटकात क्षेत्रकार्यासाठी पाच तासिका होत्या आणि भेट द्यावयाच्या स्थानिक ठिकाणांत नदी, वन, टेकडी यांच्यासोबत गवताळ प्रदेशाचाही उल्लेख होता. हे क्षेत्रकार्य अखेरीस उरकण्याऐवजी आरंभी घेतले, तर परिसंस्था, संसाधने आणि सामाजिक प्रश्न हे तिन्ही घटक एकाच जागेवर उभे राहून शिकविता येतात. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने गवते ओळखावीत, भूगोलाच्या प्राध्यापकाने माती व पाणी पाहावे, इतिहास व मराठीच्या प्राध्यापकांनी जुने नकाशे, सातबारा, स्थळनामे व लोककथा तपासाव्यात, अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने त्या माळावर कोणाची उपजीविका चालते याची नोंद घ्यावी. प्रत्येक महाविद्यालयाच्या पंचक्रोशीत हे शक्य आहे आणि त्यास फारसा खर्चही नाही.

दरवर्षी जुलै महिन्यात वृक्षलागवडीसाठी जागा निवडली जाते. त्यापूर्वी त्या जागेवर आज कोणती गवते आहेत, तेथे कोण चरते व कोण चारते, आणि लागवडीनंतर या साखळीचा कोणता दुवा तुटेल, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे विद्यार्थ्यांकडून घेतली जावीत. उत्तरे समाधानकारक असतील तेथे रोपे अवश्य लावावीत. नसतील तेथे खड्डे न खणणे, हेच त्या वर्षीचे पर्यावरणकार्य समजावे आणि त्याची नोंद महाविद्यालयाच्या अहवालात तशीच घ्यावी.